कप्तानाचं नाव मोठं, पण जहाज कुठे आहे?

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. इंजिनीअरिंगचे आम्ही पाच मित्र दर शनिवारी रात्री दहाला ऑनलाइन भेटून गेम खेळतो. दोघं पुण्यात, एक नागपूरला, एक डब्लिनला, एक न्यू जर्सीला. कॉलेज सुटून पाच वर्षं झाली, पण शनिवार सहसा चुकलेला नाही.

महिन्याभरापासून सगळ्यांना ‘स्टार सिटिझन’ या अंतराळातल्या ऑनलाइन गेमचं वेड लागलंय. क्रिस रॉबर्ट्सचा गेम म्हटल्यावर विषयच संपतो, असं न्यू जर्सीच्या मित्राचं म्हणणं. पाच जणांनी मिळून खऱ्या पैशांनी गेममधलं दीड हजार डॉलरच्या आसपासचं एक मोठं अंतराळजहाज घ्यायचं ठरतंय. प्रत्येकी पंचवीस हजार येतात. टोकन म्हणून पाच हजार मी त्याला पाठवलेसुद्धा. मग रात्रभर बसून वाचलं, गेम इतकी वर्षं झाली तरी अपूर्णच आहे, आणि पोटात गोळा आला. ग्रुपवर शंका काढली तर उत्तर आलं, “तू टेस्टर आहेस, तुला सगळीकडे बगच दिसतात.”

माझ्या बाबांनी २०११ मध्ये बिल्डरचं मोठं नाव बघून फ्लॅट बुक केला होता. ताबा मिळाला २०१९ मध्ये. आठ वर्षं आमच्या घरात भाडं आणि हप्ता हे दोनच शब्द होते. त्यामुळे नाव ऐकलं की मला भीतीच वाटते. माझी शंका खरी आहे की मी उगाच मोडता घालतोय? आणि नाही म्हटलं तर आमचा शनिवार तुटेल का?

– संकेत (नाव बदललं आहे), पुणे

प्रिय संकेत,

आधी व्यवहाराचं सांगते, कारण ते आजच करायला हवं. मित्राने जहाज अजून घेतलं नसेल तर त्याला फोन कर आणि पाच हजार परत माग. ग्रुपवर लिहू नकोस, फोनच कर. ग्रुपवर पैशाचा विषय निघाला की प्रत्येकाला कुठली तरी बाजू घ्यावी लागते. जहाज घेऊन झालं असेल तर पैसे भरल्याची तारीख विचारून घे. भरल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनीकडे पैसे परत मागता येतात, नंतर ती वाट बंद होते.

आता तुझी शंका. ती खरी आहे, पण मला वाटतं तू ती चुकीच्या जागी लावतोयस. “हा माणूस आपल्याला फसवेल का” असं तू विचारतोयस. मी गेली बरीच वर्षं या गेमच्या बातम्या वाचत आलेय, आणि क्रिस रॉबर्ट्सला हा गेम मनापासून करायचा आहे याबद्दल मला शंका नाही. विचारायचं ते हे, की काम पूर्ण करायला त्याला भाग पाडणारं आहे कोण?

त्याचं नाव उगाच मोठं झालेलं नाही. १९९० मध्ये ‘विंग कमांडर’ आला तेव्हा कॉम्प्युटरवर अंतराळातली लढाई अशी दिसू शकते, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. पुढे १९९६ मध्ये त्याने ऑस्टिनला डिजिटल अ‍ॅन्व्हिल ही कंपनी काढली आणि ‘फ्रीलान्सर’ हा गेम हाती घेतला. १९९९ मध्ये जाहीर केला तेव्हाची स्वप्नं ऐकलीस तर तुला आजचंच भाषण वाटेल: जिवंत विश्व, आपोआप चालणारा व्यापार, हजारो खेळाडू एकत्र. काम लांबत गेलं, पैसा संपत आला. २०००च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली, रॉबर्ट्स बाहेर पडला, आणि मागे राहिलेल्यांनी बऱ्याच गोष्टी कापून २००३ मध्ये गेम बाजारात आणला.

तो कापलेला गेम मी होस्टेलच्या कॉम्प्युटरवर खेळले आहे. फार सुंदर होता. एका हाताने माउस धरून जहाज वळवत, व्यापारी तांड्यांच्या मागे लपत, पहाटेपर्यंत आम्ही चौघी आळीपाळीने बसायचो. रॉबर्ट्सची दृष्टी आणि दुसऱ्या कुणाची कात्री, दोन्ही मिळून तो गेम झाला होता.

‘स्टार सिटिझन’मध्ये ती कात्रीच नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये गेम जाहीर झाला तेव्हा रॉबर्ट्सने अभिमानाने सांगितलं की इथे कुणी प्रकाशक, म्हणजे पैसा पुरवून तारखा ठरवणारी कंपनी, नसेल, थेट खेळणाऱ्यांच्या पैशावर गेम होईल. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर एकवीस लाख डॉलर जमले, स्वतःच्या साइटवरचे धरून महिन्याभरात साठ लाखांच्या वर. गेम देण्याची अंदाजे तारीख लिहिली होती नोव्हेंबर २०१४. त्या मोहिमेत एक वचन होतं, की साठ लाख डॉलर झाले तर पहिल्या दिवशी शंभर तारामंडळं, म्हणजे आपल्या सूर्यमालेसारखी फिरायची जगं, मिळतील. साठ लाख झाले. नंतर सहा कोटी झाले, साठ कोटी झाले, आता आकडा ऐंशी कोटी डॉलरच्या पुढे गेलाय. आपल्या हिशेबाने साडेसहा-सात हजार कोटी रुपये. आणि तारामंडळं? २०२४ संपत येईपर्यंत एकच होतं, स्टँटन. डिसेंबर २०२४ मध्ये पायरो आलं. त्याच वर्षी मँचेस्टरच्या कार्यक्रमात कंपनीने सांगितलं की पूर्ण गेम येईल तेव्हा त्यात पाच असतील.

शंभराचे पाच झाले याचं मला दुःख नाही. कात्री लागली तर चांगलंच. मला खुपतं ते असं, की शंभरावर पैसे घेतले गेले आणि पाचाची गोष्ट बारा वर्षांनी कळली.

तू बाबांच्या फ्लॅटचं लिहिलंस. तोच धागा धरून एक जहाज जवळून दाखवते. त्याचं नाव बानू मर्चंटमन. परग्रहावरच्या व्यापाऱ्यांचं, पोटात बाजार भरवता येईल असं भलंमोठं जहाज. चित्रं पाहशील तर प्रेमात पडशील. कांस्यासारखं अंग, माशाच्या कल्ल्यांसारख्या पाकळ्या. २०१३ मध्ये ते विकायला काढलं तेव्हा फक्त चित्र होतं, किंमत अडीचशे डॉलर. मग किंमत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि सहाशेच्या आसपास पोचली. दहा वर्षं उलटून गेली तरी ते उडवायला कुणालाही मिळालेलं नव्हतं. ज्याने पहिल्या वर्षी घेतलं त्याला वाटत राहिलं, बरं झालं लवकर घेतलं, आता दुप्पट झालंय. पाया न खणलेल्या इमारतीचा दर चौरस फुटामागे वाढत राहतो आणि बुकिंगवाला स्वतःला हुशार समजतो, ते तू घरात पाहिलंयस. फरक इतकाच, की आपल्याकडे २०१७ पासून निदान महारेरा आहे. बिल्डरला ताब्याची तारीख नोंदवून द्यावी लागते, चुकली तर दाद मागता येते. चित्रातल्या जहाजाला कुठलाच रेरा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एका पाठीराख्याने साडेचार हजार डॉलर परत मिळावेत म्हणून छोट्या दाव्यांच्या कोर्टात धाव घेतली. कोर्टाने त्याला त्यानेच मान्य केलेल्या अटी दाखवल्या: वाद लवादाकडे न्यायचा. तिथेच ते प्रकरण आटोपलं.

आणि त्या अटी काय सांगतात, तेही वाच. आपण देतो त्याला किंमत म्हणत नाहीत, शब्द आहे प्लेज, म्हणजे वचन. वचन देतोय खेळणारा, हे लक्षात घे. जहाज मालकीचं होत नाही, वापरायचा परवाना मिळतो, तोही एकाच खात्यावर. पाच जणांची वर्गणी, पण जहाज न्यू जर्सीच्या खात्यात. उद्या तो खेळायचा थांबला, लग्न झालं, मूल झालं, नुसता पासवर्ड विसरला, तर उरलेल्या चौघांचे लाखभर रुपये कुठे शोधायचे? मैत्रीवर संशय घेऊन मी हे लिहीत नाही. पाच भावांच्या सामायिक विहिरीवरून काय काय होतं हे आपल्याकडे गावोगाव पाहिलेलं आहे, आणि तिथे निदान विहीर तरी असते.

आता दुसरी बाजू. ती न सांगता तुला नुसतं पाठबळ दिलं तर तू मित्रांशी चुकीचं बोलशील.

हा गेम कागदावर नाही. आजही तू त्यात शिरू शकतोस. कंपनी अधूनमधून सगळ्यांना फुकट खेळू देते, तशा एका मोफत आठवड्यात मी शिरले होते. ग्रहाच्या जमिनीवर उभं राहायचं, जहाजात पायऱ्यांनी चढायचं, इंजिन सुरू करायचं आणि मध्ये कुठेही पडदा काळा न होता वातावरण सोडून वर जायचं. खाली क्षितिजावर सूर्य उगवत होता आणि ढगांच्या सावल्या दऱ्यांतून सरकत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. तुझे मित्र खुळे नाहीत. त्यांनी जे पाहिलंय ते दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी तरी पाहिलेलं नाही.

तू टेस्टर आहेस म्हणून एक गोष्ट विस्ताराने सांगते, तुला ती कळेल. गेम बनवणाऱ्यांची खरी झुंज सर्व्हरशी, म्हणजे गेम चालवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरशी आहे. एका सर्व्हरवर शंभर खेळाडू असले तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या प्रत्येकाला कळवायची, म्हणजे जोड्या जवळपास दहा हजार. पाचशे झाले की अडीच लाख. खेळाडू पाचपट, निरोप पंचवीसपट. नेहमीचे ऑनलाइन गेम यावर सोपा तोडगा काढतात: जगाचे तुकडे करतात, किंवा एकाच जगाच्या वेगळ्या प्रती चालवतात, किंवा आपण सोडलेल्या वस्तू विसरून जातात. रॉबर्ट्सला हे काहीच नको होतं. टेबलावर तू ठेवलेला कप तू गेल्यावरही तिथेच राहायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तो उचलता यायला हवा. एवढ्या एका कपासाठी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मार्च २०२३ मध्ये ३.१८ ही आवृत्ती आली, कप जागेवर राहायला लागला, आणि त्याच आवृत्तीने असा गोंधळ उडवला की कितीतरी लोकांना काही आठवडे गेममध्ये शिरताच येईना. डिसेंबर २०२४ च्या ४.० मध्ये अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून एकाच जगात पाचशेच्या आसपास खेळाडू आणले. शंभरावरून पाचशे. हे काम सोपं नाही आणि त्या इंजिनीअर लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण पाचशे म्हणजे सगळे एकत्र नव्हेत. वचन होतं एका विश्वाचं. शिवाय मुंबई-पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतात, ते कुठल्याही आवृत्तीने कमी होणार नाही. तुमच्यातला एक नागपूरला, एक डब्लिनला, एक न्यू जर्सीला. तुम्ही कुठलाही सर्व्हर निवडलात तरी दोघा-तिघांना लॅग, म्हणजे निरोप पोचायचा उशीर, सोसावाच लागेल. हा मुद्दा ग्रुपवर खुशाल मांड. तो नावाचा नाही, नकाशाचा आहे, आणि त्यावर कुणी रागावू शकत नाही.

न चालणाऱ्या लिफ्ट, जमिनीतून खाली कोसळणारे खेळाडू, बारमधल्या खुर्च्यांवर उभी राहिलेली माणसं, हे सगळं त्या गेममध्ये वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. मी त्यावर फार बोट ठेवणार नाही. अल्फा, म्हणजे चाचणीतली अर्धवट आवृत्ती, म्हटल्यावर बग असणारच. मला काळजी वाटते ती पैशाच्या मार्गाची. बहुतेक गेम विकले जातात तेव्हा पैसे येतात, म्हणून ते पूर्ण करावे लागतात. इथे गेम पूर्ण व्हायच्या आधीच, दर वर्षी नवी जहाजं विकून पैसे येतात. २०१८ मध्ये तर सत्तावीस हजार डॉलरचा एक संच निघाला होता, जवळजवळ सगळी जहाजं एकत्र, आणि तो विकत घ्यायचं पानसुद्धा आधी हजार डॉलर खर्च केलेल्यांनाच दिसायचं. वाट पाहणं हाच जिथे विकायचा माल झाला, तिथे वाट संपवायची घाई कुणाला असेल? यात कुणाचा दुष्टपणा असायची गरज नाही. शेकडो लोकांचे पगार दर महिन्याला त्यातूनच निघतात.

याच काळातली आणखी दोन नावं सांगते, म्हणजे ‘मोठं नाव’ हे एकच माप कसं अपुरं पडतं ते दिसेल. डेव्हिड ब्रेबेन हाही जुना दिग्गज, १९८४ च्या ‘एलिट’चा एक जनक. त्यानेही २०१२ च्याच नोव्हेंबरात किकस्टार्टरवर अंतराळाचा गेम मांडला आणि डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ हातात दिला. जहाजातून उतरून चालता येत नव्हतं, ऑफलाइन खेळायचं वचन शेवटच्या क्षणी मोडलं आणि लोक संतापले, तेही रास्तच. पण गेम मिळाला. दुसरा रिचर्ड गॅरियट, १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’चा, जो २००८ मध्ये स्वतः सोयूझ या रशियन यानातून अंतराळात जाऊन आला. त्याचा ‘टॅब्युला रासा’ २००७ च्या शेवटी आला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये बंद झाला. मग त्याने लोकवर्गणीतून ‘श्राउड ऑफ द अवतार’ उभा केला, त्यात घरं नि वाडे खऱ्या पैशांनी विकले, २०१८ मध्ये गेम बाहेर आला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. तिघंही नामवंत, तिघांच्याही हातात कला. नाव सांगतं की या माणसाला काय सुचतं. तो कधी थांबतो, हे त्या नावावरून कळत नाही.

बाबांच्या बाबतीतही तेच झालं असेल का, याचा विचार करून बघ. बिल्डरने आधी बांधलेल्या इमारती खऱ्या होत्या, म्हणून बाबांनी विश्वास ठेवला. तो मूर्खपणा नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांना घरच्यांसमोर किती वेळा मान खाली घालावी लागली असेल, ते तू कधी त्यांच्याशी बोलला आहेस का? नसशील तर या निमित्ताने बोल. तुझ्या पोटात जो गोळा आला तो गेमपेक्षा जुना आहे असं मला तुझं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

मग शनिवारचं काय? मित्रांना “हा गेम फसवणूक आहे” असं सांगू नकोस. एक तर ते खरं नाही, आणि दुसरं म्हणजे त्यावर ते गेमची बाजू घेतील आणि तू एकटा पडशील. असं सांग: “मी वर्गणी देणार नाही, पण तुमच्यासोबत खेळणार आहे.” या दोन गोष्टी एका दमात सांग, मध्ये थांबू नकोस. ते टोकनवरून चिडवतील. चिडवू दे.

मोफत आठवडे वर्षातून काही वेळा असतात, साधारण मे आणि नोव्हेंबरच्या सुमाराला हमखास. पुढच्या मोफत आठवड्यात पाचही जण एक पैसा न भरता शिरा. तोपर्यंत नागपूरकराचा लॅपटॉप तपासून घ्या, सोळा जीबी रॅम आणि एसएसडी ही अगदी किमान अट आहे आणि त्यावरही गेम रडत-रखडत चालतो. आठवडाभर खेळून ज्याला आवडेल त्याने आपापल्या खात्यावर सगळ्यात स्वस्त पॅकेज घ्यावं, पंचेचाळीस डॉलरच्या आसपास असतं, म्हणजे चार हजार रुपये. तेही आज जे चालतंय तेवढ्याचे पैसे समजून, उद्याच्या वचनाचे नव्हेत. मोठी जहाजं बरीचशी गेममधल्या कमाईतून घेता येतात. मधूनमधून सगळी कमाई पुसली जाते आणि पैशाने घेतलेली जहाजं मात्र राहतात, यावरून तुझा न्यू जर्सीचा मित्र वाद घालेल. त्याला विचार, पाच जणांनी मिळून जहाज कमावण्यात जास्त शनिवार रंगतील की विकत घेऊन हँगरमध्ये उभं करण्यात?

आणि मोफत आठवडा येईपर्यंत ‘नो मॅन्स स्काय’ घ्या. २०१६ मध्ये आला तेव्हा त्याच्यावरही वचनभंगाचे आरोप झाले आणि ते बरोबर होते, दोन खेळाडू एकाच ग्रहावर उभे असून एकमेकांना दिसेनात. त्या लहानशा चमूने नंतर बोलणं कमी केलं, २०१८ मध्ये खरं मल्टिप्लेअर दिलं आणि पुढचे सगळे बदल फुकट दिले. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतो. ग्राफिक्स थोडे चित्रकथेसारखे आहेत, डब्लिनकराला कदाचित आवडणार नाहीत, पण पाचही लॅपटॉपवर चालेल.

न्यू जर्सीला फोन त्यांच्या सकाळी कर, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहा-सातला. तो कामाला लागायच्या आत. पाच हजारांचं आधी बोल, मग शनिवारी काय खेळायचं ते विचार.

– तुझी ताई